जीपार्टेड: पार्टिशनचा आकार बदलण्याआधी ते काय तपासतं आणि काय आपल्यावर सोडतं

जीपार्टेड फुकट आहे, २००४ पासून चालत आलेलं आहे आणि माऊसने पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, लहान-मोठं करायला लिनक्सवर त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही सापडणं कठीण. तरी 'जीपार्टेडने डेटा खाल्ला' ही तक्रार अधूनमधून कुठे ना कुठे वाचायला मिळतेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काम सुरू करण्याआधी जीपार्टेड फाइलसिस्टीम (पार्टिशनमधली फायली ठेवण्याची रचना) कसून तपासतं, पण ती ज्या डिस्कवर आहे त्या डिस्कची तब्येत बघत नाही. बॅकअप घ्या असं एका ओळीत सुचवतं आणि पुढे जातं. विंडोज खरोखर बंद झालं होतं का, हेही त्याला अर्धवटच कळतं. ही उरलेली तपासणी आपल्या गळ्यात येते, आणि बहुतेक अपघात तिथेच होतात.

जीपार्टेड दोन रूपांत मिळतं. उबंटू, डेबियन, फेडोरा यांवर पॅकेज म्हणून बसवता येतं, किंवा डेबियनवर उभारलेली त्याची लाइव्ह आवृत्ती पेन ड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. ज्या ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम) पार्टिशनवरून सिस्टीम चालू आहे ते चालू असताना वाढवता येतं, लहान मात्र करता येत नाही. म्हणजे लहान करायचं असेल तर लाइव्हला पर्याय नाही. जुना २ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, त्यावर लाइव्ह टाकायला रुफस आणि व्हेंटॉय दोन्ही चालतात. सुरू होताना कीमॅप (कीबोर्डची मांडणी), भाषा आणि डिस्प्लेबद्दल प्रश्न येतात, तिन्हींना नुसतं एंटर दाबायचं. एक पथ्य मात्र पाळा: कपाटात पडून असलेला चार-पाच वर्षांपूर्वीचा लाइव्ह पेन ड्राइव्ह वापरू नका. ईएक्सटी४ बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या साधनांचा संच असलेल्या ई२एफएसप्रोग्सच्या १.४७.० आवृत्तीपासून (फेब्रुवारी २०२३) नवी ईएक्सटी४ फाइलसिस्टीम बनवताना 'ऑर्फन फाइल' ही सोय आपोआप चालू होते. जुन्या तपासनीस प्रोग्रामला ती ओळखता येत नाही. तो 'फीचर_सी१२' असं काहीतरी म्हणत अडून बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, डिस्कच गेली.

ईएक्सटी४ पार्टिशन लहान करायला सांगून हिरव्या टिकवर क्लिक केलं की खिडकीत कामांची यादी दिसू लागते. प्रत्येक कामाशेजारचा बाण दाबून ती उघडा, कारण परीक्षण करण्यासारखं सगळं तिथे आहे. पहिलं काम 'कॅलिब्रेट': पार्टिशन खरंच तिथेच आणि तेवढंच आहे ना, याची खात्री. दुसरं काम फाइलसिस्टीमची तपासणी. त्यासाठी आत ई२एफएसचेक चालतं, आणि त्याला -एफ, -वाय, -व्ही आणि -सी ० असे पर्याय दिलेले असतात. -एफ म्हणजे फाइलसिस्टीमवर 'क्लीन' असा शिक्का असला तरी पूर्ण तपास. -वाय म्हणजे दुरुस्तीच्या प्रत्येक प्रश्नाला न विचारता होकार. मग रिसाइझ२एफएस आतली फाइलसिस्टीम आकसवतं आणि सगळ्यात शेवटी पार्टिशनची हद्द आत ओढली जाते. वाढवताना क्रम उलटा: आधी हद्द बाहेर सरकते, मग तपासणी, मग फाइलसिस्टीम फुगून जागा भरते.

हा क्रम चुकला की डेटा गेला, म्हणूनच तो माणसाच्या हातात नसणं हा जीपार्टेडचा सगळ्यात मोठा गुण. कमांड लाइनवरच्या पार्टेडमधून फाइलसिस्टीमचा आकार बदलण्याची सोय ३.० आवृत्तीत, म्हणजे २०११ मध्ये, काढून टाकली गेली. आता तिथे असलेलं 'रिसाइझपार्ट' फक्त हद्दीचा आकडा बदलतं. जुने लेख वाचून त्याने थेट पार्टिशन लहान करणारे अजूनही भेटतात, आणि त्यांच्या फाइलसिस्टीमचं शेपूट हद्दीबाहेर राहतं.

आता खटकणारी गोष्ट: तो -वाय. ई२एफएसचेकला चूक सापडली आणि ती दुरुस्त झाली, तर जीपार्टेड थांबून विचारत नाही, दुरुस्तीला यश मानून लगेच पार्टिशन आकसवायला घेतं. चूक किरकोळ असेल तर ठीक. पण डिस्क मरायला टेकल्यामुळे चुका येत असतील, तर होकारांचा सपाटा लावल्यावर फायली नाव हरवून लॉस्ट+फाउंड फोल्डरात आकड्यांच्या रूपात पडतात. म्हणून जीपार्टेडला हात लावण्याआधी लाइव्हमधलंच टर्मिनल उघडून ई२एफएसचेक -एफ आणि -एन या पर्यायांसह एकदा चालवा. -एन म्हणजे फक्त वाचन, प्रत्येक प्रश्नाला नकार. पार्टिशन अनमाउंट, म्हणजे सिस्टीमपासून सोडवलेलं, असलं पाहिजे, नाहीतर नसलेल्या चुका दिसतात. पाच टप्पे निमूट पार पडले तर उत्तम. 'एक्स्टेंट ट्री कुड बी नॅरोअर' किंवा 'शॉर्टर' अशी ओळ आली तर घाबरू नका, ती चूक नसून आवरासावरीची सूचना आहे. 'मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक्स' आलं, म्हणजे एकच ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचा ठरावीक तुकडा) दोन फायली आपला म्हणतायत, तर तिथेच थांबा आणि आधी डेटा बाहेर काढा. 'शॉर्ट रीड' आलं तर गोष्ट फाइलसिस्टीमच्या पलीकडे, डिस्कपर्यंत गेली आहे.

रिसाइझ२एफएसची स्वतःची एक अट आहे. शेवटचं माउंट शेवटच्या तपासणीनंतर झालं असेल, तर ते काम नाकारतं आणि आधी ई२एफएसचेक -एफ चालवा असं सांगतं. हाताने काम करणारे बरेच जण वैतागून जबरदस्तीचा पर्याय देतात. देऊ नका. जीपार्टेड ही पायरी कधीच गाळत नाही, त्याबद्दल पैकीच्या पैकी गुण.

मेन्यूतल्या 'चेक' या शब्दाने मात्र पुष्कळ जण फसतात. पार्टिशनवर राइट-क्लिक करून 'चेक' निवडलं की फक्त तपासणी होईल असं वाटतं. प्रत्यक्षात आधी दुरुस्तीसकट तपासणी होते आणि मग फाइलसिस्टीम पार्टिशनभर वाढवली जाते. पार्टिशन मोठं आणि आतली फाइलसिस्टीम लहान राहिली असेल, म्हणजे पिवळ्या त्रिकोणावर 'पार्टिशनच्या आत इतकी जागा वाटप न झालेली आहे' असा इशारा दिसत असेल, तर हेच औषध आहे आणि इशाऱ्यातही तेच लिहिलेलं असतं. पण निव्वळ वाचून बघायचं असेल तर हे बटण त्यासाठी नाही.

डिस्कच्या तब्येतीबद्दल जीपार्टेड चकार शब्द काढत नाही. आकार कमी करताना शेवटच्या भागातले ब्लॉक वाचून पुढे आणून लिहावे लागतात. एखादा ब्लॉक वाचताच आला नाही तर काम मध्येच अडकतं, आणि अर्धवट अवस्था ही सगळ्यात वाईट. त्यामुळे आपल्या नेहमीच्या लिनक्समध्ये डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल -ए चालवा, किंवा विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. हार्ड डिस्कवर चार ओळी बघायच्या. क्रमांक ५, म्हणजे बदली दिलेले सेक्टर: आकडा लहान आणि महिनोन्‌महिने तोच असेल तर चालेल. क्रमांक १९७, म्हणजे वाचता न येऊन ताटकळलेले सेक्टर: शून्याहून एकही जास्त असेल तर आकार बदलण्याचा बेत रद्द. क्रमांक १९८ला तोच नियम. क्रमांक १९९ वाढत असेल तर बहुधा दोष केबलचा असतो. केबल बदला, आकडा वाढायचा थांबला की पुढे जा. या आकड्यांसाठी 'रॉ व्हॅल्यू'चा रकाना वाचा, शेजारचा १०० किंवा २००चा नाही. एनव्हीएमई एसएसडीवर 'क्रिटिकल वॉर्निंग' शून्य हवं, 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य हवं. नंतर -टी शॉर्टने छोटी चाचणी घ्या, ती साधारण २ मिनिटांत होते. जुनी डिस्क असेल तर -टी लाँग रात्रभर लावून ठेवा. यूएसबी डब्यातल्या डिस्कची माहिती येत नसेल तर -डी सॅट जोडून बघा.

विंडोजचं पार्टिशन हा वेगळा अध्याय. एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टीमसाठी आत एनटीएफएसरिसाइझ चालतं, आणि लहान करताना जीपार्टेड आधी काहीही न लिहिता एक लुटुपुटूची फेरी घेतं. ती पार पडली तरच खरं काम सुरू होतं. ही सोय मनापासून आवडण्यासारखी आहे. फाइलसिस्टीममध्ये गडबड असेल तर एनटीएफएसरिसाइझ सरळ नकार देतं आणि सांगतं: विंडोजमध्ये चेकडिस्क /एफ चालवा आणि मग विंडोज दोनदा रीबूट करा. 'दोनदा' हा शब्द मूळ संदेशात मोठ्या अक्षरांत आहे, आणि एकदाच रीबूट करून परत येणाऱ्यांना पुन्हा तोच संदेश बघावा लागू शकतो. काम यशस्वी झालं तरी पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना डिस्क तपासणी आपोआप चालते. ते मुद्दाम ठेवलेलं आहे, मध्येच कळ दाबून टाळू नका.

बहुतेकांची गाडी अडते ती फास्ट स्टार्टअपपाशी. ते चालू असेल तर 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था हायबरनेशनच्या फाइलमध्ये लिहून ते झोपी जातं, आणि उठल्यावर फाइलसिस्टीम आपण सोडली तशीच आहे असं गृहीत धरतं. मधल्या काळात आपण हद्द हलवली तर काय होईल हे सांगायला नको. ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ दिलं की हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, शिवाय काही जीबी जागाही मोकळी होते. काम झाल्यावर पॉवरसीएफजी /एच ऑन. एवढं करायचं नसेल तर निदान शटडाउन /एस /टी ० या कमांडने बंद करा, ती पूर्ण बंद करते.

सी ड्राइव्हच लहान करायचा असेल तर आमचा सल्ला: आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधल्या 'श्रिंक व्हॉल्यूम'ने प्रयत्न करा, जीपार्टेड नंतर. विंडोज आपलं घर आपण आवरतं, त्यात धोका कमी. अडचण एवढीच की न हलणाऱ्या फायलींच्या अलीकडे ते येत नाही. १०० जीबी मोकळे असूनही ते ८ जीबीच देऊ करतंय, असं होतं ते यामुळेच. इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा, अडवणाऱ्या शेवटच्या फाइलचं नाव त्यात असतं. पेजफाइल, हायबरनेशन फाइल किंवा सिस्टीम रिस्टोअरच्या नोंदी असतील तर तेवढ्यापुरत्या बंद करून पुन्हा बघा. मास्टर फाइल टेबलच (एनटीएफएसची सगळ्या फायलींची यादी) आडवं आलं असेल तर मात्र जीपार्टेड उघडा. तिथे विंडोज बंद असल्यामुळे त्याही फायली हलवता येतात.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर तोही मार्ग नाही. जीपार्टेड बिटलॉकरचं पार्टिशन ओळखतं, पण त्याचा आकार बदलू शकत नाही. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असतं, म्हणून मॅनेज-बीडीई -स्टेटस देऊन खात्री करा. विंडोजच्या आतून लहान करताना ते चालू असलं तरी चालतं. पण ४८ अंकी रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा, कारण बूट क्रमात जरा बदल झाला की विंडोज ती मागतं. आणि लाइव्हमध्ये डिस्कच दिसत नसेल तर ती बिघडली असं समजू नका. बायोसमध्ये इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या खास पद्धती) चालू असण्याची शक्यता जास्त. ते न विचार करता एएचसीआय या साध्या पद्धतीवर बदललं तर विंडोज उठणार नाही.

बाकी फाइलसिस्टीमबद्दल थोडक्यात. एक्सएफएस फक्त वाढते, लहान करायची असेल तर डेटा बाहेर काढून नव्याने बनवावी लागते. तिची तपासणी करताना लॉग (अजून पक्क्या न झालेल्या बदलांची नोंद) शिल्लक आहे असं सांगून काम अडलं, तर पार्टिशन एकदा माउंट करून अनमाउंट करा. एक्सएफएस_रिपेअरला -एल देऊन लॉग पुसणं म्हणजे शेवटचे बदल हाताने फेकणं. बीटीआरएफएसवर जीपार्टेड फक्त वाचून तपासतं, तेच योग्य, कारण तिचं 'रिपेअर' हा शेवटचा उपाय आहे. १०० एमबीचं ईएफआय (बूटच्या फायलींचं) पार्टिशन वाढवायला गेलात तर 'हा आकार करता येत नाही, आम्ही त्यावर काम करतोय' अशा अर्थाचा संदेश येण्याची शक्यता आहे. त्यातल्या फायली कॉपी करून नवीन पार्टिशन बनवणं सोपं. एलव्हीएमचे (लिनक्सवर डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था) आतले व्हॉल्यूम जीपार्टेड हलवत नाही, तिथे एलव्हीरिड्यूसला --रिसाइझएफएस जोडून काम करा म्हणजे क्रम आपोआप बरोबर राहतो.

सर्वांत जोखमीचं काम म्हणजे पार्टिशनची सुरुवात हलवणं. डावीकडची मोकळी जागा जोडून घ्यायची म्हणजे सगळी फाइलसिस्टीम उचलून दुसऱ्या जागी लिहायची. ईएक्सटी४साठी जीपार्टेड ई२इमेजच्या मदतीने फक्त भरलेले ब्लॉक हलवतं, एनटीएफएसच्या बाबतीत मात्र रिकामी जागासुद्धा शब्दशः उचलली जाते. त्याच हार्ड डिस्कवर वाचणं आणि लिहिणं दोन्ही चालल्यामुळे वेग सेकंदाला ५० एमबीच्या आसपास धरा: २०० जीबीच्या पार्टिशनला तासाभराहून जास्त, आत ६० जीबीच भरलेले असले तरी. मध्ये वीज गेली तर अर्धी फाइलसिस्टीम नव्या जागी, अर्धी जुन्या, आणि कुठपर्यंत झालं याची नोंद कुठेही नाही. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि बॅटरीही भरलेली असू द्या. डेस्कटॉपला यूपीएस नसेल, आणि पावसाळ्यात वीज लपंडाव खेळत असेल, तर हे काम त्या आठवड्यात नकोच. शक्य असेल तर सुरुवात न हलवता उजवीकडची जागा वापरा, किंवा मोकळ्या जागेत वेगळं पार्टिशन करून ते /होमला (वापरकर्त्याच्या फायलींच्या फोल्डरला) जोडा. दिसायला कमी सुबक, पण दहा मिनिटांचं काम. सुरुवात हलवताना सिस्टीम कदाचित बूट होणार नाही असा इशारा जीपार्टेड देतं, तो गंभीरपणे घ्या.

किती लहान करायचं याचा अंदाज रिसाइझ२एफएस -पी देतं, पण तो कमीत कमी आकार असतो. तेवढ्यावर नेऊ नका, १५ ते २० टक्के जागा मोकळी राहू द्या. ईएक्सटी४ साधारणपणे ५ टक्के रूटसाठी (सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवते, ते गणितात धरलं नाही तर उरलेली जागा कागदावरच राहते. अगदी काठावर नेलं तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणत काम मध्येच पडतं.

बॅकअपच्या दोन पातळ्या आहेत. एसएफडिस्क -डीने पार्टिशन टेबलचा मजकूर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिहून ठेवा. काही केबीची फाइल, पण हद्द चुकली तर परत आणायला सोन्यासारखी. तिने फक्त हद्दी परत येतात, आतला डेटा नाही. डेटासाठी वेगळ्या डिस्कवर क्लोनझिला या प्रोग्रामने इमेज (पार्टिशनची पूर्ण प्रत) घ्या, आणि शेवटी इमेज तपासू का असं ते विचारेल तेव्हा हो म्हणा. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर घेतलेली प्रत बॅकअपमध्ये मोजू नका.

टिक दाबण्याआधी पार्टिशनशेजारी कुलूप दिसतंय का बघा. दिसत असेल तर ते माउंट आहे किंवा स्वॅप (मेमरीला जोड म्हणून वापरलेली डिस्कची जागा) म्हणून वापरात आहे. डिस्ट्रोच्या लाइव्हमध्ये फाइल मॅनेजरने ते परस्पर उघडलेलं असतं. राइट-क्लिक करून अनमाउंट किंवा स्वॅपऑफ करा. कामं रांगेत लावली तरी टिक दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिलं जात नाही, त्यामुळे 'अनडू'ला तोवरच अर्थ आहे. एका दमात पाच कामं लावू नका, एक करा, बघा, मग दुसरं. काम चालू असताना 'कॅन्सल' दाबलं तर फाइलसिस्टीमला गंभीर इजा होऊ शकते असा इशारा येतो, आणि 'फोर्स कॅन्सल' ५ सेकंद मोजून मगच हाताला लागतं. प्रगतीची पट्टी दहा मिनिटं जागची हलली नाही म्हणून ते दाबू नका. आधी डिस्कचा दिवा लुकलुकतोय का बघा.

संपल्यावर, यश असो वा अपयश, 'सेव्ह डीटेल्स' दाबून जीपार्टेड_डीटेल्स नावाची एचटीएमएल फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. लाइव्हमध्ये ती मेमरीतच राहते आणि रीबूट झालं की जाते. मदत मागायला गेलात तर पहिला प्रश्न याच फाइलचा असतो.

आणि कधी ई२एफएसचेकने सांगितलं की सुपरब्लॉकनुसार (फाइलसिस्टीमची मुख्य माहिती असलेली नोंद) फाइलसिस्टीम इतक्या ब्लॉकची आहे पण डिव्हाइस त्याहून लहान आहे, 'अबॉर्ट?', तर उत्तर हो. नाही म्हणून दुरुस्तीला लावलं तर हद्दीबाहेर राहिलेला भाग नाहीच असं धरून ते कापाकापी सुरू करेल. तोवर बाहेरचा डेटा डिस्कवर जसाच्या तसा पडलेला असतो. एसएफडिस्कची जतन केलेली फाइल बघा, पार्टिशनचा शेवट पूर्वीच्याच सेक्टरवर नेऊन ठेवा, -एनने पुन्हा तपासा. मोकळ्या झालेल्या जागेत दरम्यान काही नवीन बनवलं नसेल तर फाइलसिस्टीम साधारण सुखरूप परत येते.